वाईच्या घरातली झोपायची खोली: प्रकल्प नोंदी

शनिवार, 10 फेब्रुवारी 2024

आज खोलीचं माप घेतलं. 11 बाय 12 फूट, उंची सव्वानऊ. पश्चिमेची भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, दीड फुटाहून जाड. बाकीच्या तीन विटांच्या. वर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत. खिडक्या दोन, पण पूर्वेची 1998 पासून प्लायवुडच्या कपाटामागे गेली आहे. छताखालचा झरोका उंदीर येतात म्हणून पत्रा ठोकून बंद केलेला.

इथे आई-आप्पा झोपतात. आप्पा 76 वर्षांचे. रात्री अडीच-तीनला खोकल्याने उठतात ते उजाडेपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहतात. त्यांच्याबरोबर आईही जागी. या खेपेला डॉक्टरांनी औषधं लिहून झाल्यावर विचारलं, "झोपता त्या खोलीत ओल आहे का?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. औषधं चालूच राहतील, पण खोली आता मी हातात घेतली आहे. दर शनिवारी-रविवारी पुण्याहून येऊन जेवढं होईल तेवढं.

पश्चिमेच्या भिंतीला खाली चार फुटांपर्यंत पोपडे, त्यावर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. कपाटामागे हात घातला तर बोटांना काळी बुरशी लागली. कुबट वास आहेच. आई म्हणते तिला येत नाही. रोज तिथेच असणाऱ्याला तो येत नसणार.

रविवार, 11 फेब्रुवारी

मैत्रिणीकडून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणलं होतं. रात्री साडेनऊला खोलीत ठेवलं, दार-खिडकी नेहमीप्रमाणे बंद. पहाटे पाचला आकडा 2,140 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 2,140 भाग. त्याच वेळी अंगणात 430. एवढ्याने कुणाला विषबाधा होत नाही, पण आतली हवा किती वेळा श्वासातून जाऊन आली आहे ते कळतं. शिवाय दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर तरी पाणी त्या खोलीत सुटतं. बाहेर जायला वाट नसली की ते सगळ्यात गार जागी जाऊन बसतं, म्हणजे दगडी भिंतीवर आणि कपाटामागे.

शनिवार, 17 फेब्रुवारी

खोली रिकामी केली. पूर्ण दिवस गेला.

पेटीच्या पलंगातून निघालेलं सामान अंगणात मांडल्यावर आई गप्पच झाली. तीन सुटकेसा, जुने स्वेटर, लग्नात आलेली न उघडलेली भांडी, माझी दहावीची पुस्तकं, आणि सगळ्यावर बोटभर धूळ. दर रात्री आप्पांची पाठ या धुळीपासून दीड वीत अंतरावर असायची. फोमची गादी उलटली तर खालच्या अंगाला घामाचे पिवळे डाग आणि काळे ठिपके.

फरशीवर दहा-बारा वर्षांपूर्वी घातलेलं प्लास्टिकचं मॅट होतं. ते उचललं आणि खालची शहाबादी फरशी ओली निघाली. पुसून कोरडी झाली नाही, आतूनच दमट होती.

आई-आप्पांची झोपायची सोय ओसरीवर केली. सतरंजी, माळ्यावरची कापसाची गादी उन्हात टाकून, वर दोन वाकळा, मच्छरदाणी. थंडी आहे म्हणून आप्पा कुरकुरत होते.

रविवार, 18 फेब्रुवारी

आप्पा पाच वाजता उठले. मधे एकदाही नाही.

सोमवार, 26 फेब्रुवारी (पुण्यातून)

आठवडाभर रोज सकाळी फोन करून विचारते आहे. नऊ रात्रींपैकी सात रात्री आप्पा सलग झोपले. काम अजून सुरूही झालेलं नाही. मी कागदावर नवी गादी, नवे पडदे, नवा रंग असा खर्च मांडत बसले होते, तो कागद बाजूला ठेवला. आता प्रश्न एवढाच आहे की ओसरीवर असं काय आहे जे खोलीत नाही. किंवा खोलीत असं काय आहे जे ओसरीवर नाही.

ओसरीवर हवा एका बाजूने येते, दुसरीकडून जाते. सकाळचं ऊन अंथरुणापर्यंत पोचतं. जमीन उघडी शहाबादी. गादी कापसाची. भिंतीला चुना, तोही कित्येक वर्षांपूर्वीचा. प्लायवुड नाही, फोम नाही, मॅट नाही, ऑइलपेंट नाही.

शनिवार, 2 मार्च

गवंडीमामा आले. सत्तरीचे आहेत, हातात थापी न घेता आधी अर्धा तास घराभोवती फिरले. मागच्या महिन्यात एका ठेकेदाराने भिंतीवर रसायनाचा थर देऊन पुढून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकायचं सुचवलं होतं. ते सांगितल्यावर मामा म्हणाले, "ताई, भिंतीला आतून घाम फुटलाय. तुमी वरनं रेनकोट घालताय. पाण्याला वाट दिल्याबगर ती वाळायची न्हाई."

मग त्यांनी दाखवलं. बाहेर घराला लागून तीन फूट काँक्रीट केलंय, त्याचा उतार भिंतीकडेच आहे. वरची पन्हळ सांध्यात फुटलेली, त्यामुळे पागोळ्या नेमक्या तिथेच पडतात. पाणी जोत्यात मुरतं आणि दगडाच्या सांध्यांतून वर चढतं. पूर्वी ते चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायचं. 1998 मध्ये ओल दिसू नये म्हणून आतून चार फूट सिमेंटचा गिलावा झाला आणि त्यावर ऑइलपेंट. सिमेंट चुन्यासारखं वाफ सोडत नाही. पाणी आत कोंडलं, क्षार पृष्ठभागाशी जमले आणि गिलावा फुगला. ज्याला आम्ही इलाज समजत होतो त्यानेच ओल धरून ठेवली.

मामांनी ढोल्या गणपतीच्या देवळाचं उदाहरण दिलं. 1762 सालचं बांधकाम, कृष्णेच्या अगदी काठावर. मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, पुराचं पाणी आपटू नये, दुभंगून जावं म्हणून. मी लहानपणापासून ते देऊळ बघत आले, पण मागच्या बाजूला जाऊन कधी नीट उभी राहिले नव्हते. संध्याकाळी जाऊन आले.

शनिवार-रविवार, 9-10 मार्च

काँक्रीट फोडलं. दोन बिगारी, दीड दिवस. भिंतीलगत फूटभर रुंद, दीड फूट खोल चर घेतला, परसाकडे उतार दिला, तळाला जाड खडी आणि वर बारीक. पन्हळीचा फुटका तुकडा बदलला. सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं हेच होतं, आणि झोपायच्या खोलीत उभं राहून यातलं काहीच दिसत नाही.

शनिवार, 16 मार्च

आतला सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढला. आप्पांना दिवसभर शेजारी पाठवलं, ओसरीकडचं दार ओल्या चादरीने बंद केलं, आम्ही सगळ्यांनी मास्क लावले. मागचे दगड ओले होते, सांध्यांतला चुना भुगा होऊन पडत होता. मामांनी दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, खरवडून मोकळ्या केल्या. आता थांबायचं. किती? "सहा आठवडं तरी. ऊन हाय तवर वाळू द्या." मला मेअखेर सगळं संपवायचं आहे, तरी मान्य केलं.

झरोक्याचा पत्रा काढला, बारीक जाळी लावली. पूर्वेची खिडकी उघडली. कडी गंजली होती, लाकूड मात्र शाबूत. सकाळी सातला ऊन थेट समोरच्या भिंतीवर पडलं. सव्वीस वर्षांनी.

शनिवार, 30 मार्च

चुना विरवला. तयार चुन्याची पावडर मिळते, पण मामांना कळीचाच, म्हणजे न विरवलेल्या खड्यांचा, हवा होता. 40 किलो आणला. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडे थोडे खडे. उलटं केलं तर उसळून अंगावर येतो. पाणी काही मिनिटांत खळखळ उकळलं. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, लांब काठीने ढवळायचं. डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून हे कुणी एकट्याने किंवा घाईत करू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. वर चार बोटं पाणी ठेवून पिंप झाकलं. जितका जुना मुरेल तितका चिकण होतो.

बुरशी या चुन्यावर सहज का धरत नाही, हे मी आप्पांना समजावून सांगत होते. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात बुरशी जगत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. आप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. मला थांबवून त्यांनी समीकरण पूर्ण केलं.

मंगळवार, 9 एप्रिल, गुढीपाडवा

सुट्टी जोडून आले. मुहूर्त म्हणून सुताराने पलंगाचं काम सुरू केलं. लाकूड विकत घेतलं नाही, माडीवर दोन जुनी सागवानी दारं पडून होती. पलंग साधा, खाली मोकळा, हात घालून झाडता येईल इतका उंच. वर फळी न ठोकता पट्ट्या, मधे दोन दोन इंच जागा, म्हणजे गादीला खालून वारा.

शनिवार, 20 एप्रिल

कपाटावरून आईशी बोलणं झालं. ते तिने भिशीच्या पैशांतून घेतलं होतं, पहिलं स्वतःच्या पसंतीचं. ते "वाईट" आहे असं मी म्हणत राहिले, ते चुकलं. नीट सांगायला हवं होतं. स्वस्त प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डाचे थर बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. सव्वीस वर्षांच्या कपाटातून नव्याइतका निघत नसणार. पण त्याच्या पाठीला बुरशी आहे आणि ते खिडकी अडवतं, एवढं पुरेसं आहे.

आईने ऐकून घेतलं. कपाट मोडायचं नाही. पाठ घासून, उन्हात वाळवून माडीवर ठेवायचं, जिथे कुणी झोपत नाही. कपडे भिंतीतल्या फडताळात आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत. आप्पांच्या चार सदऱ्यांना खुंट्या पुरतात.

पसरणी घाटाच्या पायथ्याशी जाऊन आले. सावरीची बोंडं फुटली आहेत, कापूस रस्त्यावर उडतोय. गोणीभर गोळा केला.

रविवार, 28 एप्रिल

भिंत सहा आठवडे वाळली. वरचे दगड फिके दिसतात, जोत्यालगतचा वीतभर पट्टा अजून गडद. मामांनी चुना एक, वाळू तीन असा गिलावा केला. ओल्या गोणपाटाने झाकून आठवडाभर पाणी शिंपडायचं. ते काम आप्पांनी मागून घेतलं.

पिंजारीचाचांकडे माळ्यावरच्या दोन गाद्या नेल्या. कापूस फोडून, धूळ झटकून, यंत्रावर पिंजून, थोडी नवी भर घालून प्रत्येकी 10 किलोची एक गादी. खोळ मांजरपाटाची. एक मोठी करू नका म्हणाले, दोन वेगळ्या करा. एक माणूस कूस वळला की दुसऱ्याची झोप मोडत नाही, आणि उन्हात टाकायला एकेकटी उचलता येते. फोमची गादी उचलून उन्हात कोण नेतं? दहा वर्षांत आम्ही एकदाही नेली नव्हती.

शनिवार, 4 मे

चुन्याचा पहिला हात दिला. चुना दुधासारखा पातळ, त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्याने ओली करायची. लावताना जवळजवळ काहीच दिसत नाही, वाळताना पांढरा उमटत जातो.

दगडी भिंत सुरेख आली. उत्तरेच्या विटांच्या भिंतीवर मात्र संध्याकाळपर्यंत पापुद्रे सुटले. तिथला जुना प्लास्टिक पेंट मी वरवर घासला होता, पूर्ण काढला नव्हता. चुन्याला धरायला गिलावा लागतो, प्लास्टिकला तो धरत नाही. पूर्ण भिंत पुन्हा खरवडायची.

रविवार, 12 मे

मंगळवारी साताऱ्याचं मतदान होतं, बिगारी आलेच नाहीत. उत्तरेची भिंत मी आणि आतेभावाने मिळून खरवडली, तीन दिवस गेले. नवा हात धरला. प्रत्येक हातामध्ये एक दिवस सोडून चार हात. चुना अंगाला लागतो ही तक्रार खरी आहे. जाड थर दिला किंवा भिंत कोरडी ठेवली की जास्त लागतो. पलंगाच्या डोक्याशी आईने जुन्या लुगड्याचा एक पट्टा टांगला.

रविवार, 19 मे

पलंगाला जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण. मेण महाबळेश्वरच्या बाजूने आणलं. तिकडचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगळून टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. आम्ही त्या पाण्यात बुडवून मग टाकल्या.

सावरीच्या उशा शिवून झाल्या. कापूस हलका, पाणी धरत नाही, पण तंतू बारीक आहेत आणि उडतात. खोकल्याच्या माणसासाठी म्हणून आतलं आवरण दाट विणीचं, दुहेरी शिवण. आप्पांची उशी आधी दोन रात्री मी वापरून पाहिली.

रविवार, 26 मे

उजेड. छताला पांढरी ट्यूब होती, 6500 केल्विनची (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), भर दुपारच्या आभाळासारखी. आपल्या डोळ्यात काही पेशी अशा आहेत ज्या बघण्यासाठी नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला सांगतात. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त जाग्या होतात आणि झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन मागे पडतं. ट्यूब काढून कोनाड्यात 2700 केल्विनचा छोटा पिवळा दिवा. रात्री उठताना आप्पा पडू नयेत म्हणून घोट्याच्या उंचीवर एक मंद दिवा मोरीच्या वाटेवर. रस्त्यावरचा खांब पश्चिमेच्या खिडकीसमोरच आहे, तिथे जाड खादीचा दुपदरी पडदा. पूर्वेला पडदा नाही. सकाळचं ऊन हवंच.

पुतणीने कुंडीतला स्नेक प्लँट पाठवलाय, हवा शुद्ध करतो म्हणून. त्या समजाच्या मुळाशी नासाचा 1989 चा अभ्यास आहे, तो लहान बंद पेट्यांमध्ये झाला होता. खऱ्या खोलीत तेवढा परिणाम व्हायला झाडांचं रान लागेल. झाड देखणं आहे. ओसरीवर ठेवलं.

शनिवार, 1 जून

आई-आप्पा खोलीत आले. पलंगावर पट्ट्या, कापसाची गादी, सुती चादर, पायाशी वाकळ, वर मच्छरदाणी. फरशी उघडी. खोलीत पलंग, ट्रंक, आप्पांची खुर्ची आणि रेडिओ, बस.

उद्या पहाटेचा आकडा घ्यायचा.

रविवार, 2 जून

पहाटे पाचला 690 पीपीएम. झरोका आणि पूर्वेची खिडकी उघडी होती. आप्पा एकदा उठले, पाणी प्यायले, परत झोपले. आई मात्र नीट झोपली नाही. गादी कडक वाटते म्हणाली. तिच्या गादीवर एक जुनी वाकळ दुमडून अंथरली.

रविवार, 16 जून

पाऊस लागून आठवडा झाला. गुरुवारी आप्पांची रात्र वाईट गेली, अगदी फेब्रुवारीसारखी. फोनवर विचारत विचारत कारण सापडलं. मच्छरदाणीचा कोपरा फाटला होता, डास आले, म्हणून आईने कॉइल लावली आणि धूर जाऊ नये म्हणून झरोकाही बंद केला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. हे मला माहीत होतं आणि मी आईला कधी सांगितलं नव्हतं. तिने जे केलं ते आम्हाला लहानपणापासून झोपवताना केलं होतं तेच. कोपरा शिवला, एक जादा मच्छरदाणी आणून ठेवली. कॉइलचा डबा आईने स्वतःच उचलून बाहेर ठेवला.

शनिवार, 27 जुलै

आठवडाभर मुसळधार. परवा पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, आज रस्ता मोकळा झाल्यावर निघाले. आल्या आल्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावला. गार, पण कोरडी. खोलीची आर्द्रता 78 टक्के. बाहेर 94 आहे, त्यापुढे यंत्राशिवाय फार खाली येणार नाही. त्यामुळे पावसाळ्यात गाद्या दिवसा उभ्या करून ठेवायच्या, ऊन पडलं की बाहेर, आणि दुपारी दोन तास पंखा चालू. कपाटाच्या जागी भिंतीला वास नाही. मी नाक लावून पाहिलं.

दक्षिणेच्या कोपऱ्यात जोत्याजवळ चार बोटं लोणा दिसतो. बाहेर जाऊन पाहिलं तर पन्हळीचा शेवटचा सांधा ठिबकतोय आणि चरात पालापाचोळा अडकलाय. चर मी आत्ताच साफ केला. सांध्याला उघडीप मिळाल्यावर मामा येतील. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाणी लावायचं नाही.

रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि मच्छरदाणीत दोघंही झोपलेली होती, आप्पा पूर्वेकडे तोंड करून.

करायचं: सांधा, उत्तरेच्या भिंतीला दिवाळीआधी एक हात चुना, आईच्या गादीत दोन किलो कापूस.